अडतीस नंबरचा बिल्ला

आमच्या इंद्रलोकच्या इमारतीत 'माहीत नाही' हे शब्द मोठ्याने म्हणणारा एकच माणूस होता. बाकी सगळ्यांना सगळं माहीत असायचं. पाणी का आलं नाही, लिफ्टचा माणूस का येत नाही, उड्डाणपूल कुणी अडवला. सगळ्यात जास्त मला माहीत असायचं, कारण मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. बिल्लेकाका मात्र चष्मा कपाळावर चढवून, हातातली चकती उन्हाकडे धरून, जेवण झाल्यावर ढेकर द्यावा तशा समाधानाने म्हणायचे, "माहीत नाही!" जणू काही मिळवलंच.

मला राग यायचा. संघटनेत मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं की पत्रकात 'कदाचित' आला की पत्रक मेलं. लोकांकडे वेळ नसतो. स्टेशनबाहेर हातात कागद पडल्यापासून तो चुरगळून टाकेपर्यंत जेमतेम दहा पावलं मिळतात, तेवढ्यात त्यांना कळलं पाहिजे की चोर कोण आहे. काकांना मी हे ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं, पत्रकबाई. माझ्याकडे वेळ आहे ना, म्हणून मला माहीत नसतं." तेव्हापासून मी पत्रकबाई झाले.

काकांचा धंदा भांड्यांवर नावं घालायचा. विशीत रत्नागिरीकडून भाईंदरला आले आणि स्टेशन रोडवरच्या एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर छिन्नी-हातोडी घेऊन बसले, ते तीस-बत्तीस वर्षं उठले नाहीत. लग्नाची भांडी, बारशाची वाटी, देवळाला दिलेली समई. 'चि. सौ. कां. अमकी हीस मामाकडून सप्रेम.' या गावातल्या अर्ध्या संसारांची नावं त्यांच्या हाताखालून गेली असतील. नावाआधी ते नेहमी एक फूल काढायचे: चार दिशांना चार टिंबं आणि खाली बारीकसा देठ. मी एकदा विचारलं, ही सही का? तर म्हणाले, "सही कसली? ती छिन्नीची परीक्षा. धार कशी आहे, हात कसा चाललाय, ते फुलात कळतं. बिघडलंच तर फूल बिघडेल, कुणाच्या मुलीचं नाव नाही बिघडणार." पुढे घरघर करणारं मशीन आलं. मग लोक लग्नात भांड्यांऐवजी पाकिटं द्यायला लागले. पाकिटावर नाव घालायला छिन्नी लागत नाही. काकांनी हत्यारं फडक्यात गुंडाळली आणि घरी आणली.

छंद आधीपासूनचा होता, आता दिवसभराचा झाला. नाण्यांकडे ते ढुंकून बघायचे नाहीत. त्यांना हवे असायचे बिल्ले. गिरणीचे, कँटीनचे, सायकल स्टँडचे, चपला ठेवायचे. पितळेचे, ॲल्युमिनियमचे, भोक पडलेले, नंबर झिजलेले. भंगारवाले त्यांना ओळखायचे. "अंकल, आपका माल आया है," म्हणून हाक मारायचे आणि मूठभर चकत्या काढून द्यायचे. मी विचारलं, "काका, यात काय आहे एवढं?" त्यावर ते जे बोलले ते मी तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं. म्हणाले, "जन्मभर मी नावं घातली. ज्या वस्तूवर नाव असतं तिला घर असतं. जिच्यावर नुसता नंबर असतो, तिचं कोण बघणार?"

जुन्या लग्नपत्रिका कापून ते छोटी पाकिटं करायचे. एका बिल्ल्याला एक पाकीट. पाकिटावर चार ओळी. कुठे सापडला. कशासाठी होता. कुणाकडे होता. ती माणसं आता कुठे आहेत. ज्या ओळीचं उत्तर नसेल तिथे पेन्सिलीने 'माहीत नाही'. उत्तर मिळालं की ते खोडायचं आणि शाईने लिहायचं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत अशी पाकिटं उभी लावलेली असायची. चौथी ओळ जवळजवळ सगळ्या पाकिटांवर पेन्सिलीतच होती.

उत्तर शोधायची त्यांची पद्धतही ठरलेली. आधी पुस्तक नाही, आधी बाई. "पुरुषाला विचारलं की तो गोष्ट सांगतो. बाईला विचारलं की ती वापर सांगते." एका ॲल्युमिनियमच्या चकतीवर त्यांनी आठ महिने घालवले होते. दोन संग्राहकांनी छातीठोक सांगितलं, कापड गिरणीच्या पाळीचा बिल्ला आहे. काकांनी तो भाजीवालीला दाखवला. ती हसायला लागली. "अहो, चक्कीवर डब्यावर ठेवायचे की हे! माझे गहू तुमच्यात जाऊ नयेत म्हणून." काका घरी आले, 'माहीत नाही' खोडलं, शाईने 'पिठाची गिरणी' लिहिलं आणि आईने दिलेला शिरा दोनदा मागून खाल्ला.

आता वस्तीचं सांगते. राई गावाच्या मागे, भरतीचं खारं पाणी शिरतं त्या खाजणाच्या कडेला, बंद पडलेल्या मिठागराच्या बांधावर बेचाळीस घरं होती. होती, असंच म्हणावं लागतं. डहाणूकडून मीठ ओढायला आलेल्या लोकांची ती घरं. मीठ बंद झालं, माणसं राहिली. बांधावरून नवा रस्ता जाणार होता आणि त्याआधी वस्ती हटवायची होती. नियम असा होता की सरकारने ठरवलेल्या तारखेच्या आधीपासून तिथे राहत असल्याचा पुरावा दिला तर शहरात दुसरीकडे खोली. नाही दिला तर काही नाही, सामान उचला आणि चालू लागा. आणि पुरावा म्हणजे कागद. मीठ ओढणाऱ्यांचे कागद कुणी केले होते? मुकादम डोकी मोजायचा आणि कामाला लावायचा. रेशनकार्डं मिळाली ती फार उशिरा, त्या तारखेनंतर. वस्तीतली सगळ्यात म्हातारी काशीआजी. ती म्हणायची, "आमी जलमभर मीठ काडला. घरात कागद व्हता थोरासा, त्यो मिठानंच खाल्ला."

मी हे प्रकरण हातात घेतलं. म्हणजे पत्रकं काढली, घोषणा बांधल्या, लोकांना दोनदा कचेरीवर नेलं. सुनावणीची तारीख पडली. पुरावा एकही नव्हता.

आणि तेव्हाच काकांना तो बिल्ला सापडला. सकाळी ते राईच्या बांधावर फिरायला जायचे. रस्त्यासाठी माती तपासायला जेसीबीने खड्डे घेतले होते. त्यातल्या एका ढिगावर काकांच्या छत्रीचं टोक खटकन लागलं. चिखलाने आणि हिरव्या किटणाने माखलेली, पाच रुपयांच्या जुन्या जाड नाण्याहून मोठी चकती. रुमालात बांधून ती ते थेट आमच्याकडे घेऊन आले.

"हे बघ," ते म्हणाले. "हा खिशातला नाही, लटकलेला आहे. भोक एकाच बाजूला झिजलंय. आणि कोरड्यात नाही, ओल्यात लटकलेला. पाठ बघ, गोल गोल रेघा आहेत. चरकावर फिरवून घासलेल्या भांड्याचं बूड कापून केलेला आहे हा. लोखंडाचा का नाही केला? लोखंड मिठाने खाल्लं असतं म्हणून."

"नंबर?"

"अडतीस दिसतोय. वर आणखी काहीतरी आहे, पण किटणाखाली आहे."

"काका, हा वस्तीचा आहे. हा पुरावा आहे."

"माहीत नाही," काका म्हणाले. पण या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता. ते चकती नाकाजवळ धरून बसले होते.

त्यांनी ती वाटीत तिळाच्या तेलात बुडवली. जुना बिल्ला कधी घासायचा नसतो, हा त्यांचा एकमेव कडक नियम. तेलात ठेवायचा, किटण आपोआप सुटतं, पण झीज, काळेपणा, वापराची खूण तशीच राहते. "आठ दिवस लागतील," ते म्हणाले.

"आठव्या दिवशी सुनावणी आहे."

"मग चार दिवस तरी थांब. तोवर मी विचारून येतो."

"कुणाला विचारणार?"

"काशीआजीला. आणखी कुणाला?"

मी इथे एक गोष्ट कबूल करते. दोन महिने मी त्या वस्तीसाठी घसा फोडत होते. काशीआजीचा फोटो माझ्या पत्रकावर होता. पण तो बिल्ला तिला दाखवावा असं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी तिच्या बाजूने बोलत होते ना, मग तिला काय विचारायचं?

चौथ्या दिवशी सकाळी काका घरी नव्हते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ते एकटेच राहायचे, त्यामुळे त्यांच्या घराची एक चावी आमच्याकडे असायची. मी दार उघडलं, खिडकीतल्या वाटीतून बिल्ला उचलला आणि आमच्या मोरीत बसून चिंच-मीठ लावून घासला. पाच मिनिटांत सोन्यासारखा झाला. अडतीस स्पष्ट. आणि वर चार टिंबं, खाली लांबट रेघ.

मला क्रूस दिसला. मला तो दिसायलाच हवा होता. खाडीपलीकडे वसईचा किल्ला, अलीकडे घोडबंदर. पोर्तुगीज! चारशे वर्षं! आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अगं, हे आपल्या मोठ्या पातेल्यावरच्या फुलासारखं नाही का?"

"आई, तू मध्ये बोलू नकोस," मी म्हणाले.

दुपारपर्यंत पत्रक छापून झालं. मोठा फोटो, चकचकीत बिल्ला, आणि मथळा: 'चारशे वर्षांचा पुरावा सापडला! मिठागरवाल्यांना उपरे म्हणणाऱ्यांनो, हा बिल्ला बघा!' दोन हजार प्रती. संध्याकाळी स्टेशनबाहेर उभी राहून मी स्वतः वाटल्या. एक प्रत कचेरीत देऊन पोच घेतली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं पत्रक होतं. लोक थांबून वाचत होते.

घरी आले तर काका आमच्या सोफ्यावर बसलेले. चपला चिखलाने भरलेल्या. आईने दिलेला चहा तसाच निवलेला. मला बघून ते लहान मुलासारखे उठले. "पत्रकबाई, सापडलं! सगळं सापडलं!"

खिशातून त्यांनी कागद काढला. आदल्या दिवशी बिल्ल्यावर कागद ठेवून त्यांनी वरून पेन्सिल घासली होती, त्याचा छाप उठला होता. "हे फूल बघ. माझं आहे गं! माझ्या हातचं! काल बघितलं आणि रात्रभर वाटत राहिलं की म्हातारपणाचा भास आहे. मग आज बसून आठवलं. मिठागराचा मुकादम आला होता दुकानात. म्हणाला, पितळेच्या साठ चकत्या हव्यात, नंबर टाकून. कशाला ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. हात चालू करायला सवयीने प्रत्येकावर फूल काढलं, तर तो ओरडला, 'लग्न लावतोयस का यांचं?' माझ्या मुलीच्या बारशाच्या आठवड्यात केलेलं काम आहे ते. आणि आज काशीआजीकडे गेलो. छाप बघितल्याबरोबर तिने काय म्हणावं? 'ह्यो आमचा पान्याचा बिल्ला हाय!'"

खाजणात गोडं पाणी नव्हतं. मुकादम टाकीतून पाणी सोडायचा. वस्तीत राहणाऱ्या घरालाच बिल्ला, एका घराला एक. तो हंड्याच्या गळ्याला तारेने बांधायचा. बिल्ला नाही तर पाणी नाही. काशीआजीचा छत्तीस होता; मीठ बंद झालं तेव्हा मुकादमाने सगळ्यांचे बिल्ले परत घेतले. अडतीस तिच्या शेजारच्या जनीचा, तो त्याआधीच हरवला होता.

"म्हणजे बघ," काका म्हणाले, "घरटी एक. साठ घरं होती. माझ्या मुलीच्या जन्माच्या वर्षी. तुझ्या त्या सरकारी तारखेच्या कितीतरी आधी! पुरावा आहे गं हा. खरोखरचा आहे."

मी पर्समधून बिल्ला काढून टेबलावर ठेवला. ट्यूबच्या उजेडात तो कालच दुकानातून आणल्यासारखा लखलखत होता.

काकांनी तो हातात घेतला नाही. चष्मा कपाळावर चढवून वाकून बघितला. मग हळू आवाजात म्हणाले, "तोंड पुसलंस तू त्याचं."

मग त्यांनी पत्रक वाचलं. दोनदा. "वाटून झालं?"

"हो."

"दुसरं काढ. चुकलं म्हणून लिही. पोर्तुगीजांचा नाही, पाण्याचा आहे, असं लिही. त्यात वाईट काय आहे? चारशे कशाला हवीत, आपल्याला जेवढी हवी होती त्यापेक्षा जास्तच आहेत की!"

"काका, पत्रकात 'चुकलं' असं लिहीत नाहीत."

"का नाही लिहीत?"

याचं उत्तर मला तेव्हा माहीत होतं. समोरचे लगेच अंगावर येतात, आपल्या लोकांचा धीर सुटतो, वगैरे वगैरे. संघटनेतही सगळे हेच म्हणाले. ठरलं असं की सुनावणीला काकांनाच न्यायचं, ते काय ते सांगतील, पत्रकाचा विषय आपण काढायचाच नाही.

काका इस्त्रीचा सदरा घालून आले. सोबत फडक्यात गुंडाळलेली छिन्नी-हातोडी, पितळेचा एक तुकडा, आणि मुलीचा जन्माचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत. काशीआजी नऊवारीचा पदर घट्ट खोचून त्यांच्या शेजारी बसली. पत्रकाचा विषय आम्ही काढणार नव्हतो, पण ते सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर समोरच होतं, पेपरवेटखाली.

"हा तो चारशे वर्षांचा?" साहेबांनी बिल्ला बोटांत फिरवत विचारलं. "फारच जपलाय हो. आणि पोर्तुगीज देवनागरीत आकडे लिहायचे वाटतं?"

मागे कुणीतरी हसलं. काका उभे राहिले. त्यांनी हात जोडले आणि सगळं सांगितलं, जसं आमच्या सोफ्यावर सांगितलं होतं तसंच. बूड, तार, मुकादम, बारसं.

"म्हणजे आता हा पस्तीस वर्षांचा झाला," साहेब म्हणाले. "चार दिवसांपूर्वी चारशेचा होता. पुढच्या तारखेला किती?"

"साहेब, पत्रक चुकलं. पोरीची घाई झाली. बिल्ला खरा आहे." काकांनी दाखला पुढे केला. "ही माझी मुलगी. याच वर्षी..."

"आजोबा, हा तुमच्या मुलीचा दाखला झाला. वस्तीचा कुठे आहे?"

"माझा हात आहे ना दाखला," काका म्हणाले, आणि मला कळायच्या आत खाली फरशीवर बसले. पितळेचा तुकडा फरशीवर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला. ठक, ठक, ठक, ठक. देठ. मग तीन, मग आठ. कचेरीतले कारकून उठून बघायला आले. सत्तरीच्या पुढचा हात, पण एक टिंब इकडचं तिकडे झालं नाही. काकांनी तुकडा आणि बिल्ला शेजारी शेजारी टेबलावर ठेवले. अडतीस आणि अडतीस. फूल आणि फूल. दोन्ही सारखेच चकाकत होते. ते घाम पुसत साहेबांकडे बघत होते, शाबासकीची वाट बघावी तसे.

साहेबांनी दोन्ही उचलून बघितले. आवाज न चढवता म्हणाले, "म्हणजे हा आत्ताही करता येतो तर."

काकांना आधी कळलंच नाही. "हो, येतो की," ते म्हणाले. मग कळलं. मग त्यांनी साहेबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बिल्ल्याकडे बघितलं, ज्यावर ना काळेपणा होता, ना मिठाची खूण, ना हंड्याच्या गळ्याला घासल्याची रेघ. पस्तीस वर्षांची झीज मी पाच मिनिटांत मोरीतून वाहून घालवली होती.

काशीआजी म्हणाली, "ओ सायेब, ह्यो पान्याचा बिल्ला हाय. आमी रोज ह्याच्यावर पानी भरलाय."

"आजी, तुम्हाला खोली हवी आहे, तुम्ही म्हणणारच."

"मना तर दोन म्हयने कोनी इचारलाच न्हाय," आजी म्हणाली. ती साहेबांकडे बघत नव्हती.

आदेशात एका ओळीत लिहिलं होतं की सादर केलेला पुरावा अलीकडे तयार केल्याचा संशय आहे. त्या ओळीवर मी नंतर तीन पत्रकं काढली. त्या साहेबांना काय काय म्हटलं. ते सगळं त्यांना लागू होतंच, त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. ज्या सरकारने यांना एक कागद दिला नाही, त्याच सरकारने यांच्याकडे कागद मागितला, याहून निर्लज्जपणा नाही. पण त्या दिवशी टेबलावर खरा पुरावा होता आणि तो खोटा दिसत होता. ते काम साहेबांनी केलं नव्हतं.

जेसीबी सकाळी दहाला आले. बायकांनी आधी हंडे बाहेर काढले. काशीआजीने पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली. मी घोषणा देत होते, आवाज बसला होता. ती जवळून जाताना थांबली आणि म्हणाली, "तूच लिवला व्हतास नं गो, चारशे वर्सा? आमी येवरे म्हातारे दिसतो का?" आणि खरोखरची हसली. दात नसलेल्या तोंडाने. मला ते सहन झालं नाही. मी घोषणा चालू ठेवल्या. संध्याकाळपर्यंत बांध मोकळा होता. कुणी म्हणालं, काही घोडबंदरजवळच्या चेण्याच्या बाजूला गेले, काही परत डहाणूला. मी पत्ते घ्यायला हवे होते. मी फोटो घेतले.

काका त्यानंतर मला त्यावरून एकदाही रागावले नाहीत. चावी आमच्याकडेच राहू दिली, हे मला जास्त लागलं. मीच एकदा म्हणाले, "काका, शिव्या तरी द्या." तर म्हणाले, "तुला कशाला? मी फरशीवर बसायला नको होतं. मला शाबासकी हवी होती, पत्रकबाई. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझा हात बघत होतं ना." मग म्हणाले, "तुलाही तेच हवं होतं."

बांधावर फिरायला जाणं त्यांनी सोडलं. भंगारवाल्याने हाक मारली तरी हात हलवून पुढे जायचे. आणि 'माहीत नाही' हे शब्द आम्हाला पुन्हा तसे ऐकू आले नाहीत. कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवायचे. थंडीत त्यांना खोकला झाला, तो गेला नाही. होळीच्या आधी काका गेले. मुलगी आणि जावई आले. घर रिकामं करायला त्यांच्याकडे दोनच दिवस होते. मी ठाण्याला एका धरण्याला गेले होते. परत आले तोवर बिस्किटांचे डबे भंगारात गेले होते. पितळ होतं ना, भंगारवाल्याने आनंदाने नेलं. मी धावत त्याच्याकडे गेले. "वो तो कबका भट्टी में गया, मॅडम," तो म्हणाला. "अंकल के माल का अब भांडा बनेगा." पाकिटं त्याने रद्दीत टाकली होती. त्या शेकडो पाकिटांतला एकही नंबर कशाचा, हे आता कुणालाही सांगता येणार नाही.

एक पाकीट वाचलं, कारण जायच्या आठवडाभर आधी काकांनी ते आईकडे देऊन ठेवलं होतं. आत बिल्ला आहे. माझ्याच चिंचेने घासलेला, पण आता पुन्हा थोडा काळवंडायला लागलेला. पाकिटावर त्यांचं ते भांड्यावरचं वळणदार अक्षर. शाईने.

कुठे सापडला: राई, मिठागराचा बांध.

कशासाठी होता: पिण्याच्या पाण्यासाठी. घरटी एक.

कुणाकडे होता: जनी.

चौथी ओळ त्यांनी कोरी ठेवली होती. ती माणसं आता कुठे आहेत? काका कधीही ओळ कोरी ठेवत नसत, म्हणजे ती माझ्यासाठी होती.

मी चेण्याला दोनदा जाऊन आले. डहाणूला एकदा. काशीआजीचं नाव सांगितलं, जनीचं सांगितलं. लोक विचारत, कुठली काशी? आडनाव काय? मला आडनाव माहीत नव्हतं. दोन महिने तिचा फोटो छापला होता मी.

मग घरी येऊन चौथ्या ओळीवर 'माहीत नाही' असं लिहिलं. पेन्सिलीने लिहिलं, म्हणजे खोडता येईल. वर्ष होऊन गेलं, अजून खोडलेलं नाही.